पातळ रश्श्यावर बटाट्याचा उपाय

रस्सा पाणचट झाला म्हणून हिरमुसू नका, चार माणसांच्या रश्श्याला उकडलेला एक मध्यम बटाटा पुरतो. जुना, पिठूळ बटाटा घ्या. गरम असतानाच सोलून हाताने किंवा मॅशरने कुस्करा, वाटीभर गरम रश्श्यात कालवा आणि मग पातेल्यात सोडा. थेट ढकललात तर गुठळ्या तरंगत राहतात.

नवशिके हमखास करतात ती चूक म्हणजे मिक्सर. पात्यांनी बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि गोळा खळीसारखा चिकट होतो. चमचा उचलला की तार सुटते. अशा रश्श्याला मग काही केल्या चव येत नाही, म्हणून मिक्सरला हातच लावू नका.

बाकी सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा, तळापासून ढवळत राहा. बटाटा पटकन लागतो.
- रस्सा निवताना आणखी दाटतो, म्हणून जरा पातळच उतरवा.
- मीठ-तिखट शेवटी चाखा, बटाट्याने दोन्ही सौम्य होतात.

विकतचं बटाट्याचं स्टार्च असेल तर एक चमचा गार पाण्यात कालवून अगदी शेवटी घाला. दाटलं की गॅस बंद, जास्त उकळलं तर परत सैल पडतं.

पहिला प्रयोग वरीच्या भाताबरोबरच्या दाण्याच्या आमटीवर करून बघा. उपवासालाही बटाटा चालतोच, आणि दाण्याचं कूट थोडं कमी पडलं तरी आमटी छान मिळून येते.