ख्यालही आवडतो आणि मेटलही, मग माझी आवड कच्ची आहे का? सगळ्या प्रकारांतले कोणते अल्बम ऐकावेत?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला झोंबलं. "मित्र म्हणतात, ज्याला सगळं आवडतं त्याला काहीच कळत नाही." माझ्या मामाचं वाक्य आहे हे, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. अल्बमांची नावं देते, पण आधी या वाक्याचा निकाल लावू द्या.

मामा मिरजेचा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. मामा ते ऐकतच मोठा झाला. कामावरून सुटला की सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानात जाऊन बसायचा, तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तार झणकारावी म्हणून तिच्याखालची घोडी घासताना, बघत. त्याचा कान तयार होता यात वादच नाही. जेवता जेवता सांगायचा की आतल्या खोलीतल्या तंबोऱ्याचा पंचम उतरलाय. पण किराणा आणि जयपूर ही दोन घराणी सोडली तर बाकी सगळा त्याच्या लेखी गोंगाट.

मी पुण्याला इंजिनिअरिंगला होते. गणपतीत मामाकडे गेले तेव्हा आमच्यात करार झाला: त्यानं एक रेकॉर्ड पूर्ण ऐकवायची, मी एक पूर्ण ऐकवायची, मध्ये कुणी बोलायचं नाही आणि उठायचंही नाही. मामी म्हणाली, मोदकांचं सारण करायचंय, तुमचं चालू द्या.

त्यानं जयपूर घराण्याच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचा शिवमत भैरव राग लावला. मन्सूर कधीच घोषणा करत नाहीत. तान कुठून सुटली ते कळत नाही, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की कळतं की ही सगळी वाट तिकडेच चालली होती. मला फार आवडलं आणि मी तसं सांगितलं.

मग मी ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा १९७१ सालचा 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' लावला. सुरुवातच खोकल्यानं होते. मामाच्या भुवया वर गेल्या. पण करार म्हणजे करार, तो बसून राहिला. गिटार सुरू झाल्यावर थोड्या वेळानं त्यानं डोळे मिटले. त्याचे डोळे कंटाळल्यावर मिटत नाहीत, नीट ऐकायचं असलं की मिटतात. अल्बम संपल्यावर पहिलं वाक्य होतं, "या गिटारीची जवारी फारच खुली आहे. आणि तारा इतक्या सैल का?"

मला उडी मारावीशी वाटली, कारण त्यानं नेमकं तेच पकडलं होतं. तंबोऱ्याच्या घोडीला किंचित उतार देऊन घासतात, तारेखाली सूत सरकवतात, म्हणजे तार घोडीला निसटती घासते आणि एका सुरातून वरचे अनेक सूर फुटतात. जवारी नसलेला तंबोरा स्वच्छ वाजेल, पण मुका वाटेल. मेटलची गिटार तेच काम विजेनं करते. अॅम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरींचे माथे कापले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर तयार होतात. तत्त्व वेगळं, पण भूक एकच: कोरा सूर नको, भरलेला हवा.

तारा सैल का, त्याचीही गोष्ट आहे. ब्लॅक सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा, सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा, आणि गेली ती त्याच हाताची. त्यानं प्लास्टिकची टोपणं बनवून बोटांवर चढवली, पातळ तारा लावल्या आणि पुढे या अल्बमवर त्या खाली उतरवल्या. मामा म्हणाला, "म्हणजे बोटं गेली म्हणून खर्ज सापडला." आणि पहिलं गाणं परत लावायला सांगितलं.

इथवर सगळं छान. संध्याकाळी आरतीला नातेवाईक जमले आणि कुणीतरी विचारलं, पोरगी काय ऐकते हल्ली? मामानं सगळ्यांसमोर सांगितलं, "हिला सगळंच आवडतं. म्हणजे कळत काहीच नाही." सकाळी डोळे मिटून ऐकणारा हाच माणूस! मी वाद घातला तेव्हा त्यानं एक मुद्दा मात्र वजनदार मांडला: घराणं म्हणजे काय, तर टाकायला शिकणं. काय गायचं नाही हे ज्याला ठरवता येत नाही, त्याला गाणंच नाही.

टाकायला शिकणं मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त मी प्रकार टाकत नाही, अल्बम टाकते, आणि मामापेक्षा जास्त टाकते. 'मला सगळं आवडतं' असं मी कधी म्हटलेलंच नाही. तुम्हीही म्हणू नका. तुमच्या मित्रांना तिथेच पकडा: कुठल्या प्रकारातलं तुम्हाला काय आवडत नाही ते सांगा, आणि मग त्यांना त्यांच्या एकमेव प्रकारातली टाकाऊ रेकॉर्ड कोणती ते विचारा. बहुतेकांना सांगता येत नाही.

आता नावं, कुणाचीही भीड न ठेवता.

मेटालिका या मेटल बँडचा १९८८ सालचा 'अँड जस्टिस फॉर ऑल'. गाणी जबरदस्त, पण बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यांचा बेसवाला क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला आणि त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा तो पहिला पूर्ण अल्बम. चाहते यात कलात्मक कोरडेपणा शोधतात. मला ते पटत नाही, ते वाईट मिक्सिंग आहे. त्याआधीचा 'मास्टर ऑफ पपेट्स' घ्या. दुसऱ्या मेटल बँडचा, स्लेअरचा, 'रेन इन ब्लड' तर घ्याच: दहा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास, एक सेकंद फुकट नाही.

जॅझमधल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. कॉफीच्या दुकानांनी या अल्बमचा भिंतीचा रंग करून टाकलाय. तो मागे चालू ठेवायचा अल्बम नाहीच. बिल एव्हान्सच्या पियानोकडे लक्ष देऊन ऐका, तो दोन सुरांमध्ये किती जागा सोडतो ते बघा. यातली पहिली तीन गाणी टेप मशीनच्या गतीतल्या फरकामुळे कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात छापली गेली, ती दुरुस्ती नव्वदच्या दशकात झाली. हे सांगितल्यावर मामा म्हणाला, त्यात काय, षड्ज बदलला एवढंच. आपल्याकडे पेटीची काळी एक काय नि पांढरी चार काय. या एका बाबतीत तो बरोबर आहे.

पियानोवादक ग्लेन गुल्डनं बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' दोनदा रेकॉर्ड केली, १९५५ मध्ये आणि १९८१ मध्ये. पहिली सुमारे ३८ मिनिटांची, दुसरी ५१. पहिलीला सगळे डोक्यावर घेतात, पण मला ती तयारी दाखवणाऱ्या तरुणाची वाटते. दुसरीत तो थांबतो. त्याचं गुणगुणणंही ऐकू येतं आणि ते असू दे.

'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, आणि एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत हे घडवून आणणारे आपले जी. एन. जोशी. मेंढपाळाचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत बांधलाय, म्हणून हा खऱ्या अर्थानं अल्बम आहे, रागांचं गाठोडं नाही. पण मला तो जरा जास्तच गोड लागतो. कडवटपणाला त्यात जागाच नाही. त्याच वाद्यवृंदातली एखादी पहाडीची धून सुटी ऐकली तर जास्त भिडते.

चरणजित सिंग यांचा 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. मुंबईतल्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या माणसानं १९८२ साली रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर ललत, तोडी, मालकंस वाजवून ठेवले. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाला आणि परदेशातले लोक थक्क झाले. खरं सांगायचं तर राग म्हणून ऐकाल तर चौथ्या रागाला कंटाळाल, स्वरावली तेवढी उरते. त्या यंत्रांचं नृत्यसंगीत म्हणून ऐका, तिथे तो अफाट आहे.

अमेरिकन रॅपर नासचा 'इलमॅटिक', १९९४. अल्बम निघाला तेव्हा पोरगा वीस वर्षांचा. शब्द पहिल्यांदा कळणार नाहीत, समोर छापील घेऊन बसा. रॅपला 'नुसती बडबड' म्हणणाऱ्यांनी त्याची वाक्यं ठेक्याच्या आधी आणि नंतर कशी पडतात ते मोजून दाखवावं.

नायजेरियाचा गायक फेला कुटी, त्याचा 'झोंबी'. तिथल्या लष्कराची उघड टर. १९७७ मध्ये सैनिक त्याच्या घरावर चालून आले, घर जाळलं, त्याच्या आईला खिडकीतून फेकलं, पुढच्या वर्षी ती गेली. या अल्बमला केवळ नाचायचं संगीत म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

नुसरत फतेह अली खाँ यांचा 'मस्त मस्त' लोक हमखास सुचवतात. मी नाही सुचवत. निर्माता मायकल ब्रुकनं आवाज सुंदर टिपलाय, पण कव्वाली चढायला वेळ लागतो आणि इथे तो वेळच दिलेला नाही. त्यांची लांब, टाळ्यांसकटची बैठकीची रेकॉर्डिंगं ऐका.

आणि किशोरीताई आमोणकरांचा भूप राग. त्यावर मी काय लिहिणार, तुम्हाला तो आवडतो असं तुम्हीच लिहिलंय.

तुम्ही 'आवड पक्की कशी करायची' असंही विचारलंय. पूर्ण ऐका. गाणी सुटी उचलू नका, क्रम बदलू नका. आवडलं नाही तर का नाही ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'बोअर झालं' हे वाक्य चालणार नाही. मामाशी वाद घालता घालता मला हीच सवय लागली, आणि तो अजूनही म्हणतो की हे कळणं नव्हे. म्हणू दे. त्यानं त्या दिवशी पहिलं गाणं परत लावायला लावलं होतं, आणि जिला काहीच कळत नाही तिनं निवडलेलं ते गाणं होतं.

काही गोष्टी राहिल्या. 'रेन इन ब्लड'चं पहिलं गाणं नाझी छळछावणीतला डॉक्टर मेंगेले याच्यावर आहे, तपशील भयंकर आहेत, लहान मुलं घरात असताना लावू नका. शास्त्रीयच्या एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच मावायची, तेव्हा रेकॉर्डवरचा राग हा कापून बसवलेला असतो. त्यावरून गायकाला जोखू नका, मैफल ऐका. आणि यातलं काहीही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात तंबोऱ्याचा खर्जही जातो आणि बेसही, मग 'जस्टिस'वर मी एवढी का चिडले ते तुम्हाला कळायचंच नाही.