नवी ट्रेडमिल घेतलीत? आधी एवढं सांभाळा

दादा, मशीनची मागची बाजू भिंतीला लावू नका. मागे सहा फूट मोकळे हवेतच. तोल गेला की पट्टा मागे फेकतो. तिथं भिंत असली तर माणूस फिरत्या पट्ट्यावरच अडकतो, कातडी सोलवटते.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- पट्ट्यावर उभं राहून स्टार्ट दाबणं. पाय बाजूच्या कडांवर ठेवा, वेग ताशी 1 किमी ठेवा, मग पाऊल टाका.
- मशीनच्या सेफ्टी चावीला बांधलेल्या लाल दोरीची क्लिप नुसती लोंबती ठेवणं. ती कपड्याला घट्ट लावा, ओढून मशीन थांबते का बघा.
- एक्स्टेंशन बोर्ड. अर्थिंगवालं 16 अँपिअरचं सॉकेटच हवं.

जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पहाटेच चाला. झाल्यावर चावी काढून पोरांपासून लांब ठेवा. चढ, धावणं सध्या राहू द्या.