आधी आकृती, मग सोनं

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून गणितावरचं सोन्याचं नाणं घ्यायचं म्हणतेस, वाचून फार आनंद झाला. तू निवडलेलं न्यूटनचं ५० पेन्सही उत्तम आहे. पण सोन्याचं नंतर. आधी त्याच छापाचं साधं, तांबं-निकेलचं नाणं मिळव.

ब्रिटनच्या टांकसाळीने २०१७ साली, न्यूटनच्या जन्माला ३७५ वर्षं झाली तेव्हा ते काढलं. त्यावरच्या रेषा नुसती नक्षी नाही. त्याच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातलं अकरावं विधान आहे ते : वस्तू लंबवर्तुळात फिरत असेल आणि ओढ नाभीकडे (लंबवर्तुळाच्या आतल्या दोन ठरावीक बिंदूंपैकी एकाकडे) असेल, तर ती ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. हे एकदा कागदावर स्वतः मांडून बघ. आणि हा माणूस १६९६ पासून त्याच टांकसाळीत होता, १६९९ पासून मरेपर्यंत तिचा प्रमुख. गिनी या इंग्रजी सोन्याच्या नाण्याचा २१ शिलिंगांचा भाव १७१७ मध्ये त्याच्याच अहवालावरून ठरला.

मला मात्र छापापेक्षा नाण्याचा आकार जास्त आवडतो. सात कोपरे, सात कमानी. तरी कुठूनही मोजलं तरी रुंदी २७.३ मिमीच. दोन पट्ट्यांमध्ये धरून फिरव, पट्ट्या ना दूर सरकतील ना सैल पडतील. मग कडेभोवती दोरा गुंडाळ. तेवढ्याच रुंदीच्या वर्तुळाचा जितका परीघ, तितकाच याचा : रुंदी गुणिले पाय (π), म्हणजे साधारण ८५.८ मिमी. हे साध्या नाण्यावर बिनधास्त करता येतं, सोन्याच्या प्रूफ, म्हणजे संग्रहासाठी आरशासारख्या पाडलेल्या, नाण्याला असा हात लावायचा नसतो.

सोन्याचं नाणं १५.५ ग्रॅमचं, २२ कॅरेटचं. म्हणजे शुद्ध सोनं १४.२ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुण. त्यावरची रक्कम आपण छापाची आणि दुर्मीळपणाची देतो. मोडायला गेलीस तर सराफ ती धरणार नाही. ती देताना मन कचरलं, तर थांब.

डबी आणि प्रमाणपत्र कधी वेगळं करू नकोस. आणि नाणं उजळवायचं नाही, कशानेही नाही. मी माझं पहिलं प्रूफ नाणं रिठ्याच्या पाण्यात घालून मऊ फडक्याने पुसलं होतं. आरशासारख्या पृष्ठभागावर उठलेले ते बारीक ओरखडे आजही दिसतात, आणि आजही वाईट वाटतं.

दोऱ्याची लांबी किती भरली, ते कळव.