दाढीसाठी पहिला वस्तरा घ्यायचा आहे. नवशिक्याने कोणता घ्यावा? अर्ध्या ब्लेडचा चालेल का?

पाच सुती (म्हणजे पातं 5/8 इंच रुंद), गोल टोकाचा, कार्बन स्टीलचा, आणि ज्याला खरोखर धार लावता येते अशा माणसाने धार लावून दिलेला. घाईत असाल तर एवढ्यावर काम भागेल.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र म्हणतो, "सलूनमध्ये वापरतात तो अर्ध्या ब्लेडचा शे-दीडशे रुपयांत मिळतो, काम तेच करतो, मग खऱ्या वस्तऱ्यावर हजारो रुपये कशाला घालवायचे?" हे वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे. माझा थोरला भाऊ शब्दशः हेच म्हणतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं सलून मिरजेत. आजोबा धोपटी घेऊन दारोदार जायचे, वडिलांनी खुर्ची टाकून दुकान केलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. खुर्चीच्या हाताला चामड्याचा पट्टा लटकलेला असायचा आणि दर गिऱ्हाइकाआधी त्यावर वस्तरा फिरायचा. मग नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली. लोक खुर्चीत टेकायच्या आधीच "ब्लेड नवीन लावा" म्हणायला लागले. अण्णांनी काहीही कुरकुर न करता दुकानातले सगळे वस्तरे कपाटात ठेवले आणि अर्ध्या ब्लेडचे आणले. ते शंभर टक्के बरोबर होतं. एचआयव्ही काय, कावीळ ब आणि क काय, एकाचं रक्त दुसऱ्याच्या गालावर जाता कामा नये, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वस्तरा नीट निर्जंतुक करणं छोट्या दुकानात शक्य नसतं. दुकानापुरता हा विषय माझ्यासाठी तिथेच संपला.

स्वतःच्या दाढीचा वस्तरा मात्र अण्णांनी बदलला नाही. सोलिंगनचा आहे. शेपटीवरचा, म्हणजे पात्यामागच्या दांड्यावरचा, शिक्का झिजलाय, कंपनीचं नाव लागत नाही, पण 'सोलिंगन' स्पष्ट वाचता येतं. जर्मनीत या गावाच्या नावाला 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे, तिथे न बनलेल्या मालावर ते नाव घालता येत नाही. नक्कल करणारे तरीही घालतात, ते पुढे सांगतो.

दुकान दादाने हातात घेतलं, मी आयटीआय करून टूलरूमला लागलो, ग्राइंडिंगवर. तेव्हापासून आमचा वाद. दादाचं म्हणणं, पट्टा, दगड, तेल ही जुन्या लोकांची हौस. ब्लेड कागदातच मधोमध मोडायचं, अर्धं बसवायचं, झालं. मी म्हणायचो, दुकानाचं गणित घरी लावू नकोस. घरी एकच चेहरा असतो.

पुढे अण्णांना कंपवात झाला. स्वतःची दाढी करणं सुटलं. दादा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांची दाढी करायचा, आणि दादाचा हात आमच्या भागात नावाजलेला आहे, लांबून लोक त्याच्याकडे येतात. तरीसुद्धा अण्णांच्या जबड्याखाली रोज एखादं तरी लाल टिपूस दिसायचं. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, गळ्याशी तिच्या घड्या पडतात, त्यात मान थरथरते. अर्ध्या ब्लेडचा कोपरा त्या घडीत रुततोच.

एका रविवारी मी घरी गेलो होतो. दादाने साबण कालवायला घेतला तर अण्णांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघून कपाटाकडे बोट केलं. मी वस्तरा काढला. तेल पुसलं. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ताणला आणि फेऱ्या मारल्या, आधी कापडाच्या अंगावर, मग चामड्यावर. पाठ पुढे, धार मागे, टोकाला आलं की पाठीवरूनच पलटायचं. धारेवरून पलटलं तर पट्टाही फाटतो आणि धारही जाते. चामड्यावर चांगला वस्तरा फिरला की एकसारखा सळसळ आवाज येतो, मध्ये कुठे खरखर लागली तर तिथे धार दुखावलेली असते. अण्णा डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. मी थांबलो तसे म्हणाले, "आणिक मार."

मग गरम पाण्याचा टॉवेल, घट्ट फेस. डाव्या हाताने कानाजवळची कातडी वर ओढून धरली आणि कल्ल्यापासून खाली पहिला हात मारला. पाठ गालापासून तिच्याच जाडीच्या एक-दीडपट वर उचलली की कोन तीस अंशांच्या आसपास येतो, तो तेवढाच राखायचा. जोर लावायचा नाही. लहानपणी फुग्यावर फेस लावून अण्णांनी शिकवताना सांगितलं होतं, "तू ढकलू नगंस, त्याचं त्यो बघंल." वस्तऱ्याला स्वतःचं वजन असतं, ते पुरतं. गळ्याच्या घड्या दोन बोटांनी पसरवून एकेक इंच घेतला. उलटा, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, हात मारलाच नाही. तुरटी फिरवली तर कुठेही झोंबलं नाही. अण्णांनी स्वतःच्या हाताने गळा चाचपला आणि दादाला म्हणाले, "बघ."

दादा म्हणाला, "त्याचा हात हलका आहे, वस्तऱ्याचा काय संबंध?"

संबंध आहे. दादा हे वाचणार आहे म्हणून त्याच्यासाठीच लिहितो: हात तुझा माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, सगळी मिरज सांगेल. मग रक्त तुझ्या हाताने का निघायचं आणि माझ्या का नाही? फरक हत्याराचा. तुझं ब्लेड 0.1 मिलिमीटर जाडीचं आहे, पकडीत आवळून बसवलेलं, दोन्ही टोकांना काटकोनी कोपरे. कोन जरा चुकला की ते सावध न करता आत जातं. वस्तऱ्याच्या धारेमागे पोलादाची भरीव पाठ असते, धार चामड्यावर फिरून मऊ झालेली असते, आणि कोन चुकला तर आधी आवाज बदलतो, मग हाताला जाणवतं, कापायची वेळ त्यानंतर येते. ज्याचा हात बसलेला नाही त्याला या सूचनेची सगळ्यात जास्त गरज. म्हणून "आधी अर्ध्या ब्लेडवर शिका, मग वस्तऱ्याकडे वळा" हा सल्ला मला उलटा वाटतो. अवघड हत्यारावर शिकून सोप्याकडे का जायचं?

आता तुमची खरेदी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऑनलाइन 5/8 लिहिलेलं असतं ते हेच, पाठीपासून धारेपर्यंत जवळजवळ 16 मिलिमीटर. सहा सुतीही चालेल. सात-आठ सुती पातं फोटोत रुबाबदार दिसतं, पण नाकाखाली वळत नाही. टोक गोलच घ्या. चौकोनी टोक मिशी कोरायला बरं, पण नवशिक्याचा कान त्याच्या वाटेत येतो. दोन्ही अंगांनी आत खोलवर घासलेलं पोकळ पातं घ्या, त्याचा आवाज चांगला येतो आणि धार लावायला सोपं जातं. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, पण दगडावर दमवतं.

दमास्कसच्या नक्षीचं पातं, शिंगाची मूठ, लाकडी पेटी, सोबत ब्रश असा संच दोन-तीन हजारांत दिसला तर घेऊ नका. माझ्या भाच्याने असा एक ऑनलाइन मागवला होता, "वापरायला तयार" म्हणून. मी तो काचेवर ठेवला तर पातं पिळलेलं, एक टोक टेकतं तर दुसरं उचलतं. हे दगडावर कधीच सरळ होत नाही. वस्तऱ्यात पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचं प्रमाण असं धरलेलं असतं की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवल्या की धारेचा कोन आपोआप 16-17 अंशांच्या आसपास बसतो. टूलरूममध्ये आम्ही अशा कोनासाठी वेगळं फिक्श्चर, म्हणजे वस्तू ठरल्या कोनात धरणारी पकड, बनवतो. इथे ते हत्यारातच आहे. पाठच वाकडी असेल तर सगळं गेलं.

पैसे असतील तर सोलिंगनच्या डोवो कंपनीचा नवा वस्तरा घ्या, डोळे झाकून. नसतील तर जुना घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात सोलिंगन आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डचे वस्तरे अजून सापडतात. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि क्रॉसचा शिक्का दिसला की विकणारा भाव चढवेल, पण शिक्क्यावर जाऊ नका, नकली खूप आहेत. पातं बघा. धारेच्या कडेला गंजाचे खड्डे असतील तर सोडा, पाठीवर असतील तर हरकत नाही. धार मधोमध आत गेलेली असेल तर सोडा. पाठ एकाच अंगाने सपाट झिजलेली असेल तर सोडा. पात्यावर निळसर झाक असेल तर कुणीतरी फिरत्या चाकावर घासलंय, पोलादाचं पाणी (कठीणपणा) उतरलंय, ते परत धार धरणार नाही. तुमचा वस्तराही गल्लीत येणाऱ्या चाकू-सुरीवाल्याच्या साणेवर कधीही देऊ नका.

वाचवलेले पैसे पट्ट्यात घाला. तीन इंच रुंद, अख्ख्या चामड्याचा. दगड पहिल्या वर्षी घेऊच नका. 1000 नंबरच्या जाड दगडापासून 8000-12000 नंबरच्या बारीक दगडापर्यंतचे दगड आणि ते वापरायची समज, दोन्ही महाग आहेत. धार उतरली की जाणकाराकडे पाठवा. जुन्या नाभिकांपैकी कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे आधी जा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा चेहऱ्यावर पिकलेले फोड असतील, तर सध्या नाद सोडा. तुमचा वस्तरा तुमचाच, भावालाही द्यायचा नाही. पावसाळ्यात, त्यातून मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर दाढी झाल्यावर पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, आणि बाथरूममध्ये ठेवू नका. आणि हे खरं की तुम्ही आठवड्यातून एकदाच दाढी करणार असाल, पट्ट्यासाठी पाच मिनिटं काढणार नसाल, तर अर्ध्या ब्लेडचाच घ्या, तो तुम्हाला पुरेल. दादाचं तेवढं मला मान्य आहे. पण मग "काम तेच करतो" म्हणू नका.

पहिले पंधरा दिवस फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करा, हनुवटी आणि गळा नेहमीच्या रेझरने. पसंत पडलेल्या वस्तऱ्याचे पैसे द्यायच्या आधी तीन फोटो इथे टाका: धारेसमोरून, पाठीवरून, आणि शेपटीवरच्या शिक्क्याचा. बघून सांगतो.