सिग्नेचरमध्ये न दिसणारं जग

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न होते. रोजचं काम जावात असताना फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकून हाती काय लागणार, हा पहिला. जगभर युद्धं आणि निर्बंध चालू असताना कोड लिहिणाऱ्याने राजकारणावर मत बाळगावं, की मान खाली घालून स्प्रिंट (ठरलेल्या मुदतीचं काम) संपवावा, हा दुसरा. तू ते वेगवेगळे समजून विचारलेस. मला ते एकच वाटतात. फंक्शन ज्या ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, ती प्रत्येक गोष्ट त्याच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे ते काय घेतं आणि काय देतं हे सांगणाऱ्या ओळीत, दिसली पाहिजे. फंक्शनल विचारातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. मोनाडसारख्या अवघड कल्पना नंतर शिकल्या तरी चालतं.

आधी कोड बघू. पाणीपट्टीच्या थकबाकीवर विलंब शुल्क काढणारं एक फंक्शन घे. ते बिल क्रमांक घेतं आणि रक्कम देतं. पण आत ते सिस्टीमचं घड्याळ बघतं, डेटाबेसमधून दर उचलतं, कॉन्फिगमधून सवलतीची तारीख वाचतं. सिग्नेचर म्हणते इनपुट एक, खरे इनपुट चार. म्हणून टेस्ट 31 मार्चला पास होते आणि 1 एप्रिलला फेल. म्हणूनच तेच बिल दोनदा काढलं की दोन रकमा येतात, आणि खिडकीवर तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कारण कोणालाच सांगता येत नाही. बिल, आजची तारीख, दरपत्रक आणि सवलतीचा नियम हे चारही बाहेरून दे. घड्याळ आणि डेटाबेसला हात लावणारा कोड सगळ्यात बाहेरच्या थरात ठेव, हिशेब आत. रक्कम पैशांत आणि पूर्णांकात ठेव, कारण फ्लोटमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही. दर बदलला तर जुनी ओळ पुसू नकोस, 'या तारखेपासून लागू' अशी नवी ओळ घाल. दोन वर्षांनी ऑडिटला जुनं बिल जसंच्या तसं पुन्हा काढून दाखवता येईल.

एवढं करायला हॅस्केलसारखी पूर्ण फंक्शनल भाषा लागत नाही. जावातले न बदलणारे रेकॉर्ड आणि ठरावीक पर्यायांचेच सील्ड टाइप पुरतात. मात्र घाईघाईने फंक्शनल व्हायला गेलं की ठरावीक ठिकाणी पाय घसरतो. लूपच्या जागी रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) लिहिलं की पायथॉन साधारण हजार कॉलला थांबतो, आणि जावा चालवणारं जेव्हीएमही टेल कॉल (फंक्शनच्या अगदी शेवटी केलेला कॉल) काढून टाकत नाही, म्हणून मोठ्या यादीवर स्टॅक, म्हणजे अर्धवट कॉल लक्षात ठेवायची जागा, भरतो. प्रत्येक फेरीत अख्ख्या यादीची प्रत काढली की मेमरी संपते. त्यासाठी जुन्या आणि नव्या प्रतीत समान भाग वाटून घेणाऱ्या पर्सिस्टंट रचना वापराव्या लागतात. हॅस्केलमध्ये लांब यादीवर तिची बेरीज करायला आळशी (गरज पडेपर्यंत हिशेब टाळणारा) 'फोल्डएल' चालवला की न सोडवलेल्या बेरजांचा ढीग साचतो, म्हणून त्याचं लगेच हिशेब करणारं स्ट्रिक्ट रूप घ्यायचं. आणि मॅपच्या आतून बाहेरच्या व्हेरिएबलला हात लावून वर पॅरलल स्ट्रीम (एकाच वेळी अनेक धाग्यांवर काम) लावला, तर चूक कधी दिसेल आणि कधी दिसणार नाही. रात्री दोनला ऑन-कॉलवर असलेल्या माणसाला वाचता येणार नाही असं हुशार संयोजन लिहू नकोस. मी रिव्ह्यूत तो कोड परतच पाठवीन.

हद्दीवरची तपासणी किती महत्त्वाची, याचा दाखला 19 जुलै 2024 चा आहे. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. टेम्प्लेटची व्याख्या 21 फील्डची होती आणि यंत्रावर बसवलेल्या तिच्या सेन्सरचा कोड 20 च मूल्यं पुरवत होता. एकविसावं वाचायला गेलेला कोड मेमरीच्या हद्दीबाहेर गेला, आणि तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालत असल्याने सगळं यंत्रच कोसळलं. बाहेरून आलेली फाइल आत घेतानाच नेमक्या टाइपमध्ये बसते का हे बघायचं, बसली नाही तर नाकारायची. आत गेल्यावर शंका घेत बसायला उशीर झालेला असतो.

आता हाच नियम कोडच्या बाहेर लाव.

आपल्या दारातलं उदाहरण उरणजवळच्या न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदराचं आहे. 27 जून 2017 ला तिथलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल संगणकांअभावी अडलं आणि कंटेनर हाताने नोंदी करून हलवायचा प्रयत्न करावा लागला. उरणच्या त्या टर्मिनलचं कोणाशी वैर नव्हतं. युक्रेनमध्ये कर भरायला वापरलं जाणारं एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर होतं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटची वाट काबीज केली आणि यंत्रं निकामी करणारा नॉटपेट्या हा व्हायरस सोडला. तो पसरण्यासाठी जे छिद्र वापरत होता, ते अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतःच्या वापरासाठी जपून ठेवलं होतं, आणि एप्रिल 2017 मध्ये ते उघड्यावर फुटलं होतं. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता. पण नॉटपेट्या मेमरीतले पासवर्डही चोरायचा, त्यामुळे एक यंत्र पडलं की पॅच लावलेली शेजारची यंत्रंही पडायची. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिका आणि ब्रिटनने रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं, रशियाने ते नाकारलं.

यातली साखळी नीट बघ. एका सरकारने छिद्र लपवलं, दुसऱ्याने शस्त्र सोडलं असा आरोप आहे, तिसऱ्या देशातला करनियम, चौथ्या देशातली जहाज कंपनी, आणि काम थांबलं न्हावा शेव्याला. त्या टर्मिनलच्या कुठल्याच कागदावर 'युक्रेनचं करखातं' ही डिपेंडन्सी (ज्यावर काम अवलंबून आहे ती गोष्ट) लिहिलेली नव्हती. मर्स्कला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी पुन्हा उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे डोमेन कंट्रोलर सर्व्हर एकमेकांशी सिंक होते आणि तोच बॅकअप मानला जात होता, त्यामुळे सगळे एकदम गेले. घानातल्या कार्यालयात वीज गेली होती, म्हणून तिथली एक प्रत वाचली. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, आणि नेटवर्कला जोडलेली प्रत ही प्रत नव्हे, हे तू पाठ करून ठेव.

निर्बंधांचंही असंच आहे. 2019 च्या जुलैत कोड साठवण्याच्या गिटहब या सेवेने अमेरिकी कायद्यापोटी इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रॅमरांची खाती मर्यादित केली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन नावं काढली गेली. 2025 च्या जुलैत युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि काही दिवसांत सेवा परत आल्या. भारतात चालणारी कंपनी, भारतातले कर्मचारी, भारतात भरलेले लायसन्सचे पैसे, आणि निर्णय ब्रसेल्सचा. एकट्या प्रोग्रॅमरच्या हातातही ही ताकद असते: 2022 च्या मार्चमध्ये 'नोड-आयपीसी' या पॅकेजच्या कर्त्याने युद्धाच्या निषेधात रशिया आणि बेलारूसच्या आयपीवर फाइली पुसणारा कोड घातला. त्याच्या संतापाचं कारण खरं होतं. तरीही ते कृत्य मला चूक वाटतं, कारण आयपी पत्त्यावरून माणसाची बाजू कळत नाही, आणि ज्याने विश्वासाने पॅकेज घेतलं त्याला न सांगता शिक्षा केली.

यावर 'सगळं स्वदेशी करा' हे उत्तर लगेच येतं. मी त्यावर अर्धाच खूश आहे. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच साठवायला सांगितलं, तो निर्णय योग्य होता. पण डेटा नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या रॅकवर आणि लॉगिन, एन्क्रिप्शनची किल्ली, लायसन्सची तपासणी बाहेरच्या देशात, अशी मांडणी असेल तर भिंती इथल्या आणि कुलूप परक्याचं. शिवाय आपल्या सरकारच्या हातातलं बटणही बटणच असतं, तेही यादीत यायला हवं.

काही राजकीय इनपुट तर आपल्याला राजकारण वाटतच नाहीत. वेळ घे. 2023 च्या मार्चमध्ये लेबनॉन सरकारने घड्याळं पुढे करणं ऐन वेळी लांबवलं. काही संस्थांनी ऐकलं, काहींनी नाही, देशात काही दिवस दोन वेळा चालल्या, आणि मग निर्णय मागे घेतला गेला. त्या आठवड्यातली बैठक तू यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली असतीस तर ती चुकली असती. घडून गेलेली घटना यूटीसीत ठेव, पण पुढे ठरलेली वेळ स्थानिक तारीख-वेळ आणि झोनचं नाव अशी ठेव, आणि टाइमझोनचा डेटा अद्ययावत कर. जुन्या नोंदी घेताना तर जास्तच सांभाळ: टाइमझोनच्या डेटाबेसात भारतासाठी एकच नोंद आहे, आशिया/कोलकाता. महायुद्धात आपली घड्याळं काही काळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती, आणि मुंबईत तर 4 तास 51 मिनिटांचा 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत टिकला होता. तो त्या नोंदीत सापडणार नाही.

नावाचंही तसंच. राज्य मंत्रिमंडळाच्या 2024 च्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि आडनाव असं लिहायचं. 'फर्स्ट, मिडल, लास्ट' अशा तीन रकान्यांचा टाइप ज्याने पक्का केला, त्याचं मॉडेल एका निर्णयाने मोडलं. पूर्ण नाव एकाच फील्डमध्ये ठेव, भाग लागतील तिथे वेगळे घे, आणि लांबीची मर्यादा अक्षरांच्या मधोमध कापणारी ठेवू नकोस.

आता माझं राजकीय मत तू विचारलंच आहेस तर सांगतो. प्रत्येक संभाव्य इनपुटला उत्तर देणाऱ्या फंक्शनला आपण टोटल म्हणतो. सार्वजनिक यंत्रणेने टोटल असलं पाहिजे. रेशन दुकानातल्या यंत्रावर बोटाचा ठसा जुळत नाही, कारण बांधकामावर किंवा शेतात काम करून रेषा झिजलेल्या असतात. ही 'एक्सेप्शन' म्हणून लॉगमध्ये टाकायची बाब नाही, ती माणसाच्या आयुष्यातली नेहमीची स्थिती आहे. 'जुळलं', 'जुळलं नाही', 'यंत्र चालत नाही', 'नेटवर्क नाही' या चारही शाखांच्या शेवटी धान्य मिळण्याचा रस्ता असला पाहिजे, आणि कंपायलरने एक जरी शाखा राहिली तरी बिल्ड थांबवलं पाहिजे. यात मला तडजोड मान्य नाही.

पण याच सवयीचा एक धोका आहे. कोडला रोलबॅक असतो, म्हणून देशही रिफॅक्टर करता येतो असं आपल्या व्यवसायातल्या लोकांना वाटू लागतं. उपाशी गेलेला महिना रोलबॅक होत नाही. आणि पुरावा नसताना मत ठोकू नकोस. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. अशा वेळी दोन्ही विधानं मांडून थांबायचं.

या महिन्यात एक काम कर. तुमच्या प्रॉडक्टची एक सर्व्हिस घे, कोऱ्या कंटेनरमध्ये (बाकी यंत्रापासून वेगळ्या, रिकाम्या संगणकीय वातावरणात) सोर्स ठेव, नेटवर्क पूर्ण बंद कर आणि बिल्ड चालव. जिथे अडेल ती प्रत्येक जागा लिहून काढ: पॅकेज रजिस्ट्री, बेस इमेज, फाँट, लायसन्सची तपासणी. मग लॉक फाइलमध्ये (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलीत) हॅश, म्हणजे फाइलींचे ठसे, आणायचे, पॅकेज स्वतःच्या मिररवर घ्यायची, बेस इमेज 'लेटेस्ट' नावाने न घेता डायजेस्टने, म्हणजे तिच्या नेमक्या हॅशने, बांधायची. त्यानंतर दोन वेगळ्या यंत्रांवर बिल्ड करून हॅश ताडून बघ. बहुधा जुळणार नाहीत. दोष टाइमस्टँप, फाइलींचा क्रम, फोल्डरचा पाथ किंवा लोकेल यांपैकी कशात तरी सापडेल. 'सोर्स डेट इपॉक' हे टाइमस्टँप पक्का करणारं व्हेरिएबल ठरवून दिलं की त्यातले बरेच फरक जातात.

मग चालू यंत्रणेची यादी: डीएनएस, सर्टिफिकेट, एसएमएस गेटवे, पुश नोटिफिकेशन, नकाशा, लॉगिन, वेळ. सर्टिफिकेट 90 दिवसांचं असेल तर नूतनीकरण बंद पडल्यावर जास्तीत जास्त तेवढेच दिवस हातात. वेळेसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे, 180 दिवसांचे लॉग ठेवायला आणि घटना सहा तासांत कळवायलाही. तुमच्याकडे ते होतं का, हे विचारायला लाजू नकोस.

यादीला चार रकाने कर: सेवा, ती कोण बंद करू शकतो आणि कोणत्या देशाच्या कायद्याने, बंद झाली तर आपण किती दिवस चालू, आणि पर्याय काय. 'किती दिवस' हा रकाना अंदाजाने भरू नकोस, स्टेजिंगवर (चाचणीच्या यंत्रणेवर) ती सेवा खरोखर तोडून बघ. सगळ्याला पर्याय शोधायचा नाही, तेवढा पैसा कोणाकडेच नसतो. जिथे उत्तर सात दिवसांपेक्षा कमी येईल आणि माणसांचे पैसे, औषध किंवा धान्य अडेल, तिथून सुरुवात कर. यादी झाली की मला पाठव, रिव्ह्यू करून देतो.

कळावे, लोभ असावा.