पिल्लातलं व्यंग: सगळा दोष रक्ताचा नसतो

अंडी उबवायच्या मशीनमधून निघालेल्या काही गावरान पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकलेत. जन्मजात आहे का? (चिपळूण)

आधी खाली काय अंथरलंय ते बघा. वर्तमानपत्र असेल तर पायाला पकडच मिळत नाही, धडधाकट पिल्लूही फतकल मारतं. पंख्याच्या मशीनचं तापमान ३७.५ अंशांच्या वर राहिलं, तरी असे पाय दिसतात. कागद काढून गोणपाट टाका. जखमेच्या चिकटपट्टीची बारीक चीर कापून पायाच्या दोन्ही नळ्यांना सैल बांधा. पाय अंगाखाली यावेत, पण पाऊल टाकता यावं एवढं अंतर राहू द्या. रबरबँड अजिबात नको, रक्त अडतं. पहिल्या एक-दोन दिवसांत बांधलं तर बहुतेक पिल्लं थोड्याच दिवसांत सरळ चालतात. आठवडा उलटल्यावर फारशी आशा धरू नका.

बोटं मुठीसारखी आत वळलीत, पिल्लू घोट्यांवर रांगतं. (संगमनेर)

जीवनसत्त्व ब-२ कमी पडलंय. अंड्यात ते आईच्या खाद्यातून उतरतं. नुसत्या मका-तांदळावरच्या कोंबड्यांची पिल्लं अशी निघू शकतात. पिल्लांना लगेच ब-कॉम्प्लेक्स सुरू करा, मात्रा पशुवैद्यकांकडून घ्या. नसा कायमच्या बिघडल्या की औषध चालत नाही. आणि मूळ कळपाचं खाद्य बदललं नाहीत, तर पुढच्या खेपेला हेच होणार.

एका तलंगेची (तरुण कोंबडीची) चोच कात्रीसारखी तिरपी झालीय. कापावी का? (सावंतवाडी)

नाही. लांबलेलं टोक तेवढं कानसीने हळूच घासा. खोल भांड्यात ओलं खाद्य द्या, जगते. अंडी खायला वापरा, उबवायला नको. हे व्यंग पिढीत उतरू शकतं. तुम्ही लिहिता की घरचाच कोंबडा वर्षानुवर्षं चालू आहे. म्हणजे बाप-लेकी, भाऊ-बहिणींचं मीलन होतंय. लपलेले दोष मग वर येतात, उबवणीही घटते. लांबच्या गावातला, बिननात्याचा कोंबडा आणा.

बेंबी ओली, पोट फुगलेलं, घाण वास. दोन दिवसांत पिल्लं मरतात. (पंढरपूर)

हे व्यंग नाही, संसर्ग आहे. विष्ठेने माखलेली अंडी मशीनमध्ये गेली असणार. अशी अंडी लावूच नका. ओल्या फडक्याने पुसलीत तर जंतू उलट कवचातून आत शिरतात. आजारी पिल्लं वेगळी काढा आणि प्रत्येक खेपेनंतर मशीन जंतुनाशकाने धुवा.

चार पायांचं पिल्लू निघालं, घरचे अपशकुन म्हणतात. (परळी)

गर्भ वाढताना गडबड झाली, इतकंच. ते खातं-पितं, शी साफ होते का बघा. होत असेल तर राहू द्या.