हंगेरीचे एस्तरहाझी घराणे एवढे मोठे कसे झाले आणि पुढे त्याचे काय झाले?

मूळचे हे साधे जहागीरदार. नशीब फिरवले मिक्लोश एस्तरहाझी (१५८३–१६४५) याने. प्रॉटेस्टंट घरात जन्मून तो कॅथलिक झाला, तेव्हा ऑस्ट्रिया आणि हंगेरीवर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग सम्राटांच्या बाजूने ठाम उभा राहिला, दोन श्रीमंत विधवांशी एकामागून एक लग्ने केली आणि १६२५ मध्ये पॅलाटिन, म्हणजे राजाखालोखालचा सर्वोच्च अधिकारी बनला. जमीन आली ती अशी: निष्ठा आणि सोयरीक.

पण किंमतही मोजली. २६ ऑगस्ट १६५२ रोजी वेझेकेन्यच्या लढाईत तुर्कांशी लढताना या घराण्यातले चार जण एकाच दिवशी पडले. मिक्लोशचा मुलगा लास्लो त्यांतच गेला, म्हणून त्याचा धाकटा भाऊ पाल घराण्याचा प्रमुख झाला. हा पाल स्वतः संगीतरचनाकार होता! १६८७ मध्ये त्याला प्रिन्स हा किताब मिळाला.

संगीताची ती आवड पुढेही टिकली. प्रसिद्ध संगीतकार जोसेफ हायडन १७६१ पासून यांच्याच पदरी होता. १७७२ साली प्रिन्स मिक्लोशने (पहिल्या मिक्लोशचा वंशज) वादकांना हंगेरीतल्या फेर्तोदच्या महालात फार काळ अडकवून ठेवले, तेव्हा हायडनने अशी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) रचली की शेवटी एकेक वादक मेणबत्ती विझवून उठून जातो. प्रिन्स काय ते समजला आणि सगळ्यांना घरी सोडले. मला हा प्रसंग फार आवडतो.

१९४५ नंतर हंगेरीतल्या जमिनी गेल्या. घराण्याचा तेव्हाचा प्रमुख, दुसरा एक पाल एस्तरहाझी, याला १९४९ मध्ये कम्युनिस्ट सरकारने हंगेरीच्या कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल मिंडसेंटी यांच्याबरोबर चालवलेल्या खटल्यात १५ वर्षांची शिक्षा झाली. १९५६ च्या कम्युनिस्ट सत्तेविरुद्धच्या उठावात तो सुटला आणि देश सोडून गेला. ऑस्ट्रियातली मालमत्ता, आयझेनश्टाटच्या महालासह, आज विश्वस्त संस्थांकडे आहे.